बाबांच्या ठोक्यांच्या गोळ्या (आणि कृपया चिडू नका)

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि विषय कसाही करून शेजारच्यांच्या गच्चीच्या गळतीवर जातो, म्हणून लिहितेय. परवा बाबांनी फिरून आल्यावर गोळ्या घेतल्या, मग आईने पोह्यांबरोबर परत हातावर ठेवल्या आणि बाबांनी मुकाट गिळल्या (एरवी पोह्यात लिंबू कमी म्हणून वाद घालता, इथे मात्र शिस्त!). नशिबाने काही झालं नाही, पण त्यातली डिगॉक्सिन साधी गोळी नाहीये. आमटीत मीठ जास्त झालं तर बटाटा टाकता येतो, इथे तसं काही नाही. लागणारा डोस आणि बाधणारा डोस यात अंतर अगदी थोडं, आणि पोटात गेलेल्यातलं अर्धं औषध बाहेर पडायलाच दीड-दोन दिवस लागतात, किडनी थकलेली असेल तर अजून जास्त. म्हणूनच डॉक्टरांनी ती आठवड्यातून पाचच दिवस लिहिलीय, शनिवार-रविवार सुट्टी.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते, हे औषध फॉक्सग्लव्ह नावाच्या झाडाच्या जातीतलं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्येच लिहून ठेवलंय की जास्त झालं की उलट्या होतात, हिरवं-पिवळं दिसतं, नाडी मंदावते. तेव्हा हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही.

तर आता घेतली की नाही आठवत नसेल तर घ्यायची नाही. बस. पुढची ठरल्या वेळी. रक्त पातळ करायच्या गोळीलाही हेच, राहिलेली भरून काढायला दोन एकदम नाहीत. आणि देणारा हात एकच हवा. सात खणांची डबी कुरियरने पाठवलीय, सकाळ-रात्र वेगळे कप्पे आहेत, रविवारी आई भरेल आणि स्ट्रिप्स कपाटात जातील, बाबांनी परस्पर स्ट्रिप फोडायची नाही. खण रिकामा म्हणजे घेतली, मग चर्चा नको.

आता खरी भीती वाटली ती आईने पाठवलेला फोटो बघून. त्यातल्या दोन स्ट्रिप्स वेगळ्या कंपन्यांच्या, नावं वेगळी, पण खाली बारीक अक्षरात दोन्हीवर मेटोप्रोलॉलच (ठोके मंद ठेवणारी गोळी)! मेडिकलवाल्याकडे नेहमीची नव्हती म्हणून त्याने दुसरी दिली आणि आईला वाटलं नवीन औषध वाढवलंय. मी डॉक्टरांना फोटो दाखवला, ते म्हणाले एकच चालू ठेवा, जुनीवालीच. घाबरून दोन्ही बंद करू नका, ही अचानक सोडली तर ठोके उलट उसळतात. यापुढे मोठं नाव न वाचता ते बारीक नाव वाचायचं, आई चष्मा लावून. आणि पट्टी कापून दिली की नाव नि तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते, तेव्हा त्याला अख्खी स्ट्रिप मागायची, चार पैसे जास्त गेले तरी चालेल.

एवढं करूनही डबल झालीच तर एकमेकांवर खापर न फोडता लगेच डॉक्टरांना फोन, कुठली, किती, किती वाजता ते सांगायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. नाडी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायची, बाबांचे ठोके अनियमित असतात त्यामुळे बीपी मशीनवरचा आकडा चुकू शकतो. पन्नासच्या खाली असेल किंवा चक्कर, उलट्या, डोळ्यांना पिवळसर दिसणं असं काही असेल तर १०८ ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका, आणि सगळ्या स्ट्रिप्स बरोबर न्या.

अजून एक, गुडघ्यासाठी किंवा खोकल्यासाठी काहीही घ्यायच्या आधी मला किंवा डॉक्टरांना विचारा. काही अँटिबायोटिक्सनी डिगॉक्सिन अंगात वाढतं आणि दुखण्याच्या बऱ्याच गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर चालत नाहीत. मावशीला त्या गोळीने बरं वाटलं हे कारण नाही. आणि क्रिएटिनिन-पोटॅशियमचा (किडनी आणि क्षारांच्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर त्याचा फोटो पाठवा, डॉक्टरांनी मागितलाय.

तुमची,
ताई