'तिथे काहीच नाही' असं छापण्याआधी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ऑस्ट्रेलियाच्या सहलीवरचा लेख वाचला. सिडनी, मेलबर्न, पेंग्विन, सगळं ठीक. पण 'देशाच्या मधल्या भागात नुसता लाल फुफाटा, पाहण्यासारखं काहीच नाही' हे वाक्य खटकलं. शाळेत 31 वर्षं भूगोल शिकवताना मीही जवळपास हेच सांगत आले, तेव्हा लेखकावर रागावायचा मला फारसा अधिकार नाही. पण गेल्या जुलैत आमचे हे आणि मी, दोघंच, त्या 'काहीच नाही'मधून तंबू घेऊन नऊ दिवस फिरून आलो. म्हणून हे पत्र.

मुलगा ॲडलेडला असतो. त्याची फोर बाय फोर गाडी, त्याचाच तंबू आणि ह्यांची एसटीच्या वर्कशॉपमधली उभी हयात, एवढ्या भांडवलावर आम्ही ऊडनाडाटा ट्रॅक धरला. मरी ते मार्ला, साधारण 620 किलोमीटर, कच्चा रस्ता. (मरी हे गावाचं नाव. मरीआईशी त्याचा काही संबंध नाही, पण सुनेला ते ऐकूनच धस्स झालं होतं.) मरीला रस्ता चालू की बंद ते सांगणारा फलक असतो. पाऊस झाला की रस्ता बंद, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली की दंड. ह्यांनी फलक वाचला, चारही टायरमधली थोडी हवा सोडली आणि निघालो. रस्ता म्हणजे आडवा अंथरलेला पन्हाळी पत्रा. दाढा खिळखिळ्या होतात.

आता मुद्द्याचं. आर्टेशियन विहिरीची आकृती मी निळ्या-तपकिरी खडूने फळ्यावर किती वेळा काढली असेल, मोजदाद नाही. पूर्वेकडच्या डोंगरांवर पाऊस पडतो, पाणी वालुकाश्मात शिरतं, वरखाली पाणी न झिरपणारे थर, मधे दाब. मुलं आकृती वहीत उतरवत, तीन गुण घेत, विसरून जात. ऑस्ट्रेलियातलं असं खोरं, 'ग्रेट आर्टेशियन बेसिन', 17 लाख चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट. त्यातलं काही पाणी लाखो वर्षं जुनं. आणि खोऱ्याच्या काठाशी, जमिनीला जिथे फट मिळते तिथे, ते आपणहून वर येतं. हे 'आपणहून' मी तोंडाने शिकवलं होतं, डोळ्यांनी प्रथमच पाहिलं.

रस्त्यापासून थोडं आत 'बबलर' नावाचा झरा आहे. चहूकडे काडी हिरवी नाही आणि मधे गोल कुंड, त्याच्या तळातून वाळू उकळल्यासारखी वर येते, पसरते, पुन्हा बसते. तिथले मूळ रहिवासी अरबाना लोक हा मरणाऱ्या महासापाचा तडफडाट मानतात. पाच मिनिटं पाहत उभं राहिलं की माझी आकृती फिकी वाटू लागते.

अशा झऱ्यांची रांगच आहे. ती धरून 1859 मध्ये शोधप्रवासी जॉन मॅकडूअल स्टुअर्ट उत्तरेला सरकला. 1872 मध्ये पूर्ण झालेली तारयंत्राची लाइन त्याच अंगाने गेली, आणि मागोमाग रेल्वे, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी लागतं. आज आपण ज्या रस्त्यावरून जातो तो या सगळ्यांच्या पावलावर पाऊल टाकून गेलेला आहे. पाण्याने आखलेला रस्ता म्हणा ना.

कॉवर्ड स्प्रिंग्जला रेल्वेने 1886 मध्ये पाडलेलं बोअर आहे. त्याचा पाइप गंजला, पाणी पसरत गेलं, भोवती चक्क पाणथळ झाली, पाखरं आली. तिथेच तंबू ठोकला. त्या पाण्याच्या कोमट हौदात आमचे हे लहान मुलासारखे तासभर बसले होते. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. बार्शीत आमच्या शेजाऱ्यांनी 700 फूट खाली जाऊन धूळ काढली, आणि इथे पाणी कुणी न विचारता वाहतंय. गंमत अशी की तिथेही शहाणपण उशिराच सुचलं. पशुपालकांनी पाडलेली असंख्य बोअरं वर्षानुवर्षं उघडी वाहत राहिली, दाब घटला, काही झरे मंदावले. मग सरकारी पैशातून बोअरांना झडपा बसवून पाणी पाइपात घ्यावं लागलं.

मघाशी म्हटलेली ती रेल्वे म्हणजे जुनी 'घान', ती 1980 मध्ये बंद पडली. रूळ बहुतेक उचलले, उरले दगडी फलाट आणि पूल. आल्जबकिनाचा पूल 578 मीटर लांब आहे, आम्ही गेलो तेव्हा खाली नदीचं नुसतं पात्र होतं. ही रेल्वे साडेतीन फुटी रुळांची, आमची बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी होती. आमचं वऱ्हाड त्याच गाडीने आलेलं, त्यामुळे हे त्या पुलावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

'घान' हे नाव 'अफगाण'वरून. उंट घेऊन आलेल्या सगळ्यांनाच गोरे अफगाण म्हणत, पण त्यांत बलुच, पंजाबी, सिंधीही होते. ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या 1860 मधल्या बर्क आणि विल्स मोहिमेचे उंट कराचीहून जहाजात चढले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आमचं सोलापूरही. मरी गावात रुळांच्या एका बाजूला गोरे राहत, दुसऱ्या बाजूला हे उंटवाले आणि मूळ रहिवासी. मातीच्या मशिदीची प्रतिकृती अजून तिथे आहे, खजुराची झाडंही. आपल्या लेखात यातलं एक अक्षर नाही.

विल्यम क्रीक गावाच्या पुढे टायर फुटला. स्टेपनी चढवेपर्यंत तीन गाड्या गेल्या आणि तिन्ही थांबल्या. पहिला प्रश्न तिघांचाही एकच: पाणी आहे ना? समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. एसटीचे ड्रायव्हर एकमेकांना करतात तसाच हा हात, ह्यांनी पहिल्या दिवसापासून अख्खा पंजा उचलला.

रात्री पिठलं-भात, मग दोन स्वेटर घालून आकाश. वृश्चिक थेट डोक्यावर. बार्शीत तो दक्षिणेला खाली वाकलेला असतो.

लेखासोबतच्या नकाशात ॲडलेड ते ॲलिस स्प्रिंग्ज सगळं कोरं आहे. पुढच्या वेळी निदान मरी, विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा ही तीन नावं टाकावीत. एकेक टप्पा साधारण 200 किलोमीटरचा आहे, आणि या रस्त्यावर मार्ला येईपर्यंत डिझेल त्या तीनच ठिकाणी मिळतं.

— एक निवृत्त भूगोल शिक्षिका, बार्शी (जि. सोलापूर)