मेलेल्यांत जिद्द नव्हती का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टोकाच्या परिस्थितीत तगून राहिलेल्या माणसांवर लिहिणाऱ्या कादंबरीकार बाईंच्या कार्यक्रमाचा वृत्तान्त आपल्या अंकात वाचला. मथळा होता, ‘जिद्दीपुढे मृत्यूही हरला’. शेवटच्या रांगेत का होईना, मी त्या संध्याकाळी हजर होतो. बाई जे सांगत होत्या ते नेमके याच्या उलट होते.

लांबलेले प्रास्ताविक एकदाचे संपल्यावर त्यांनी नव्या कादंबरीतले एक पान वाचले. बर्फात तंबू, आत तिघे. एकाने शिध्याचे तीन वाटे केलेत. दुसरा पाठ फिरवून बसतो. पहिला एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, ‘हा कुणाचा?’ पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. त्या ‘कुणाचा?’पाशी बाई दरवेळी क्षणभर थांबत, आणि सभागृहातले खोकणारेही थांबत. मग चष्मा काढून म्हणाल्या, हे माझ्या डोक्यातले नाही. 1902-03 मध्ये स्कॉट, शॅकल्टन आणि विल्सन हे तिघे ब्रिटिश मोहीमवीर दक्षिण ध्रुवाच्या दिशेने निघाले होते, तेव्हा ते खरेच असे वाटे करत. भुकेल्याला शेजारच्याचा वाटा मोठाच दिसतो आणि वैर तिथून सुरू होते. ते टळले छातीच्या जोरावर नव्हे, या पोरखेळासारख्या नियमामुळे.

प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी शॅकल्टनचेच पुढचे उदाहरण दिले. ‘एंड्युरन्स’ जहाज 1915 मध्ये बर्फात चिरडून बुडाले, तरी 28 च्या 28 माणसे वाचली, ही जिद्द नाही तर काय? टाळ्या पडल्या. टाळ्या थांबू देऊन बाईंनी विचारले, त्याच मोहिमेची दुसरी तुकडी कुणाला आठवते? ती अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला होती. शॅकल्टनच्या वाटेवर शिध्याचे साठे करून ठेवायचे, एवढेच तिचे काम. ते तिने पुरे केले. शॅकल्टन त्या वाटेने आलाच नाही, आणि 1916 मध्ये तिच्यातले तिघे मेले. ते जिद्दीत कुठे कमी पडले?

1972 च्या, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या विमान अपघाताचीही गोष्ट निघाली. विमानात 45 जण होते, 72 दिवसांनी 16 जिवंत सुटले. मधल्या काळात एका रात्री हिमकडा कोसळून आठ जण विमानाच्या सांगाड्यातच गाडले गेले. झोपेत कसली जिद्द दाखवायची?

बाईंचे सगळेच मला पटले असे नाही. शॅकल्टन पाच सोबत्यांसह एका छोट्या होडीतून सुमारे 1300 किलोमीटर समुद्र कापून मदत आणायला गेला. तिथे हिंमत नव्हती असे कोण म्हणेल? पण वाचलेल्याची हिंमत मोजताना गेलेल्याच्या नावावर उणे मांडायचे, हा हिशेब त्यांना मान्य नव्हता. आपल्या मथळ्याने तोच मांडला.

हे एवढे लागायला कारण आहे. माझा धाकटा भाऊ आजारपणात गेला, तेव्हा एका दैनिकात बातमी आली, ‘मृत्यूशी झुंज अपयशी’. ते कात्रण आईला दाखवावे की नाही, यावर घरात दोन दिवस कुजबुज चालली होती. शेवटी मी ते फाडून टाकले.

मथळ्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. वार्ताहर प्रश्नोत्तरांपूर्वीच उठून गेले असतील, तर दुसऱ्या तुकडीतल्या त्या मेलेल्या तिघांचा उल्लेख तरी त्यात यावा.

आपला,
एक जुना वाचक