लक्झरच्या एका दिवसासाठी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात लक्झरला जातेस आणि हातात एकच दिवस आहे, हे कळलं. गाईड ठरवलास ते बरं केलंस. पण दिवस कसा लावायचा हे तू ठरवून त्याला सांग. नाहीतर सकाळचा थंड वेळ अलाबास्टरच्या दुकानात जातो आणि भर उन्हात थडग्यांचे जिने उतरावे लागतात. गाडी बोलतानाच स्पष्ट सांगायचं: दुकान नको, पपायरसचा कारखाना नको. तिथल्या विक्रीवर कमिशन असतं, म्हणून आग्रह होणारच. गाईडकडे पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे ना, तेही बघून घे.

नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पूर्व काठावर गाव आणि कर्नाकचं मंदिर, पश्चिम काठावर राजांची थडगी. गाडीचा पूल गावाच्या बराच दक्षिणेला आहे, त्यामुळे वळसा पडतो. साडेपाचला हॉटेल सोडलंस तर राजांच्या खोऱ्याचं दार सहाला उघडतं तेव्हा तू दारात असशील. आठनंतर मोठ्या बस येऊ लागतात आणि अरुंद भुयारात माणसामागे माणूस लागतो. तिकीटखिडकीवर बहुतेक ठिकाणी रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. पहारेकऱ्यांच्या बक्षिसासाठी मात्र सुटे पौंड वेगळ्या खिशात ठेव. कोपरा दाखवण्यासाठी ते हाताला धरून नेतात आणि मग हात पुढे करतात. नको असेल तर सुरुवातीलाच हसून "ला, शुक्रान", म्हणजे "नको, धन्यवाद" म्हणायचं.

साध्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. साठावर थडगी सापडली असली तरी एका वेळी मोजकीच उघडी असतात आणि तीही आलटून पालटून. त्या दिवशी कुठली उघडी आहेत ते दारावरचा फलक सांगेल. तुतनखामून, सहावा रामसेस आणि पहिला सेती यांची तिकिटं वेगळी.

माझं मत विचारशील तर तुतनखामून सोडलास तरी चालेल. हॉवर्ड कार्टर या इंग्रज उत्खननकाराला ते 1922च्या नोव्हेंबरात सापडलं आणि त्यातल्या वस्तूंमुळे गाजलं. पण त्या वस्तू आता गीझाच्या नव्या संग्रहालयात आहेत. इथे राहिली आहे काचेखालची ममी आणि रंगवलेली एकच छोटी खोली. तेच पैसे सहाव्या रामसेसला दे. तिथे शवपेटीच्या दालनात मान वर कर. आकाशदेवी नूट छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली आहे, आणि तीही दोनदा, पाठीला पाठ लावून. संध्याकाळी ती सूर्याला गिळते, रात्रीचे बारा तास तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे तिच्या पोटी पुन्हा जन्मतो. हे आधी माहीत नसेल तर नुसतं निळं-पिवळं छत दिसतं. भिंतींवर ग्रीक आणि लॅटिनमध्ये खरडलेली नावंही आहेत. रोमन काळातले पर्यटकही इथे हौसेने येत.

थडग्याच्या आत गाईडला बोलायची परवानगी नसते. म्हणून बाहेर सावलीत दहा मिनिटं बसून त्याच्याकडून नकाशा समजून घे: जिना, उतरता बोळ, खांबांचं दालन, शेवटी शवपेटी. त्याने नुसती राजांची नावं सांगितली तर काम कसं केलं ते विचार. कारण सई, या एका दिवसात तू एवढंच करावंस असं मला वाटतं. काम जिथे अर्धवट राहिलंय किंवा जिथे खोडाखोड झालीय, तिथे जास्त वेळ थांब. पुरं झालेलं चित्र देवांविषयी सांगतं. माणसं दिसतात ती अपुऱ्या भिंतीत.

तिसऱ्या रामसेसचं थडगं उघडं असेल तर ते घेच. काही अंतर सरळ आत गेल्यावर वाट एकदम बाजूला सरकते आणि मग पुन्हा सरळ जाते. खोदणारे चुकून शेजारच्या, आमेनमेस राजाच्या थडग्यात घुसले होते. तेव्हा काम सेतनख्त राजासाठी चाललं होतं. ते तिथेच थांबवून त्याला दुसऱ्या थडग्यात ठेवलं, आणि पुढे त्याच्या मुलाने, म्हणजे तिसऱ्या रामसेसने, अक्ष बदलून हेच पुरं केलं. डोंगराच्या पोटात मोजमापाची चूक झाली की काय करावं लागतं, ते तिथे चालता चालता कळतं.

पैसे जास्त द्यायची तयारी असेल तर सेतीचं बघ. बेल्झोनी या इटालियन शोधकाला ते 1817मध्ये सापडलं. त्यातल्या एका दालनात कोरीवकाम सुरूच झालं नाही, फक्त आखणी आहे. आधी तांबड्या रेषा, मग त्यांवर काळ्या रेषांनी केलेली दुरुस्ती. आपल्याकडे सुतार गेरूत भिजवलेलं सूत ताणून फटका मारतो ना, तसंच इथले कारागीर तांबडं सूत मारून चौकटी आखत. त्यानंतर छिन्नी आणि सगळ्यात शेवटी रंग. रंग कोरड्या पृष्ठभागावर बसवलेला आहे, दगडात मुरलेला नाही. म्हणून बोट लावलं की तो निघतो. माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीत शिरते, आतलं मीठ विरघळून पुन्हा खडे धरतं आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. फोनने फोटो चालतात, फ्लॅश नाही. पाठीवरची पिशवी पोटाशी घे, वळताना तीच भिंतीला घासते.

साडेआठच्या सुमाराला देर अल-बहारीला जा. तिथलं हातशेपसुत राणीचं मंदिर पूर्वाभिमुख आहे, सकाळचा उजेड थेट त्याच्यावर पडतो. उशीर झाला तर मागचा कडा तव्यासारखा तापतो. दुसऱ्या गच्चीवर डाव्या हाताच्या ओवरीत पुंत देशाची सफर कोरली आहे: खांबांवर उभारलेली घरं, त्यांना लावलेल्या शिड्या, मुळांसकट टोपलीत घालून आणलेली गंधरसाची झाडं. मग उजवीकडच्या ओवरीत राणीच्या जन्माच्या चित्रांपाशी ये. राणीची आकृती छिन्नीने टिपून काढली आहे, पण बाह्यरेषेच्या आतल्या आत. त्यामुळे ती पुसली जाण्याऐवजी तिची सावली उरली. हे काम तिच्या मागून राज्य केलेल्या तिसऱ्या थुतमोसच्या काळातलं, आणि तेही ती गेल्यावर बऱ्याच वर्षांनी केलेलं. लगेचच्या रागातून झालं असं कुणी सांगितलं तर मानू नकोस.

पुढचा थांबा बहुतेक सहलींत नसतो, पण तू घालच: देर अल-मदिना. थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या लोकांचं हे गाव. त्याचं तिकीट तिथे मिळत नाही. मेमनॉनच्या दोन बैठ्या पुतळ्यांजवळच्या तिकीटघरातून आधी घ्यावं लागतं, आणि गाईड नेमकं हेच विसरतात. घरांच्या भिंतींचे पाये अजून ओळीने दिसतात. गावात विहीर नव्हती, पाणी खालून आणावं लागे. कामगारांच्या दोन टोळ्या होत्या, उजवी आणि डावी, जहाजाच्या दोन बाजूंसारख्या. पगार धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी हा पगार थकला तेव्हा ही माणसं हत्यारं टाकून मंदिरांमागे जाऊन बसली आणि आम्ही उपाशी आहोत म्हणाली. लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप तो हाच. तिथेच सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. खोली इतकी लहान की चार-पाच माणसं मावावीत, पण रंग राजांच्या थडग्यांपेक्षा ताजे. नवरा-बायको मिळून परलोकातल्या शेतात नांगरणी-कापणी करताहेत. दुसऱ्यांची थडगी रंगवण्यात आयुष्य गेलेल्या लोकांनी स्वतःसाठी काय काढलं, ते तिथे दिसतं.

अकराच्या आसपास मेदिनेत हाबू, म्हणजे तिसऱ्या रामसेसचं मंदिर. वेळ कमी पडला तर बाहेरची उत्तरेची भिंत तेवढी बघ. समुद्रावरून आलेल्या लोकांशी झालेली नाविक लढाई तिथे आहे. इथली अक्षरं खूप खोल कोरलेली आहेत, म्हणजे नंतरच्या राजाला नाव घासून आपलं घालणं अवघड जावं. मेमनॉनचे पुतळे रस्त्यावरच आहेत, पाच मिनिटं पुरेत.

दुपारी एक ते अडीच हॉटेलवर पाठ टेक. डिसेंबरात ऊन सोसतं, पण सावली कुठेच नसते. दोन लिटर पाणी आणि टोपी सोडू नकोस. तू शाकाहारी आहेस म्हणून काळजी नको. भात, मसूर, मॅकरोनी, चणे, तळलेला कांदा असं एकत्र केलेली कोशरी सगळीकडे मिळते. फूल (शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगदाण्यांसारख्या दाण्यांची उसळ) आणि तामिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) हेही बिनमांसाचेच.

अडीचला कर्नाक. पहिल्या प्रचंड दरवाज्यातून आत आल्यावर लगेच पुढे धावू नकोस. मागे वळून त्याच दरवाज्याच्या आतल्या बाजूला कच्च्या विटांचा ढिगारा बघ. दगड वर चढवायला बांधलेल्या उतरंडीचा तो अवशेष आहे. दरवाजा पुरा झालाच नाही, म्हणून ती काढायची राहिली. पिरॅमिड कसे बांधले यावर वाद घालणाऱ्यांनी आधी इथे यावं. नंतर 134 खांबांचं दालन. मधले बारा सुमारे 21 मीटर उंच आहेत आणि त्यांचे माथे उमललेल्या पपायरससारखे. बाकीचे बुटके, मिटलेल्या कळीचे. उत्तरेकडच्या भागात सेतीचं काम, आकृती पृष्ठभागावर उठून दिसतात. दक्षिणेकडे मुलगा दुसरा रामसेस, तिथे त्या आत खोदल्या आहेत. खोदकाम लवकर उरकतं आणि उन्हात ठळक दिसतं. पुढे हातशेपसुतचा ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ आहे, साडेएकोणतीस मीटरच्या आसपास. त्याच्या पायथ्याच्या लेखात हे काम सात महिन्यांत पुरं झाल्याचं लिहिलंय. थुतमोसने त्याच्याभोवती भिंत उभारून तो झाकला होता.

तिथून 2.7 किलोमीटरची स्फिंक्सची वाट लक्झर मंदिरापर्यंत जाते. 2021च्या नोव्हेंबरात ती लोकांना खुली झाली. पाय दुखत असतील तर गाडीने जा, पण मंदिर दिवे लागल्यावरच बघ. दारात एकच स्तंभ दिसेल. त्याचा जोडीदार पॅरिसच्या चौकात आहे, 1836पासून. आत डावीकडे अबू हग्गाग मशीद दिसेल, आणि तिचं एक जुनं दार हवेत अधांतरी. मशीद बांधली तेव्हा मंदिर गाळात बुडालेलं होतं आणि जमीन त्या दाराच्या पातळीला होती. खाली उभी राहून वर बघ, म्हणजे खणणाऱ्यांनी किती माती उपसली त्याचा अंदाज येईल.

पोचलीस की फोन कर. सेतीचं तिकीट काढलंस की नाही तेही सांग.

तुझी,
आई