गच्चीवर मजला चढवण्याआधी

मस्कत, सप्टेंबर

ती. नाना आणि आईस सा. न.,
दादा आणि वहिनीस नमस्कार.

पुण्याच्या आपल्या घराच्या वाढीव कामाचा आराखडा आणि कंत्राटदाराचं कोटेशन दोन्ही मिळालं. गच्चीवर ६०० चौरस फुटांत दोन खोल्या आणि बाथरूम, खाली स्वयंपाकघर मागच्या अंगणात ८ फूट बाहेर. कोटेशनमध्ये टाइल्सचा ब्रँड आहे, नळांचा आहे, खिडकीच्या काचेची जाडीसुद्धा आहे. जुन्या कॉलमबद्दल आणि पायाबद्दल मात्र एक ओळ नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे.

कंत्राटदार म्हणतो की गच्चीवर कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्या आहेत, म्हणजे मजल्याची सोय केलेलीच आहे. दादा, त्या सळ्यांवरून बांधणाऱ्याचा तेव्हाचा विचार कळतो. खालचा पाया तेवढा भरला की नाही, हे त्यावरून कळत नाही. नानांच्या फायलीत महापालिकेचा मंजूर नकाशा असेल, पण त्यात खोल्या आणि मापं असतात, सळ्यांचा तपशील नसतो. तो 'आरसीसी ड्रॉइंग'वर असतो. ते कागद सापडले तर अर्धं काम झालं. नाही सापडले तर खणून बघण्याला पर्याय नाही.

दसऱ्याला नारळ फोडायचाय ना, मग त्या दिवशी खड्डाच घ्या. मागच्या भिंतीतल्या एका कॉलमलगत बाहेरून ४ फूट बाय ४ फूट खणायचं, फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीच्या, तळापर्यंत. दुसरा खड्डा घराच्या मधल्या कॉलमपाशी, हॉलच्या चार फरश्या उचकटाव्या लागल्या तरी. सगळ्यात जास्त भार मधल्या कॉलमवर येतो, आणि नेमका तोच कोणी उघडून बघत नाही. जमिनीपासून तळाची खोली, फुटिंगची जाडी, कॉलमच्या कडेपासून फुटिंग किती बाहेर आलंय ते, आणि तळाखाली काय लागलं, एवढं मोजून लिहून ठेवा. कोथरूडला टेकडीच्या बाजूला थोड्याच खोलीवर मुरूम किंवा कातळ लागतो, पण नाल्याकडच्या प्लॉटवर काळी माती किंवा भराव निघतो. शेजाऱ्याच्या खड्ड्यात मुरूम निघाला होता हा पुरावा धरू नका. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फुटिंग तिच्यावर बसलेलं निघालं, तर मजल्याचा विचार तिथेच थांबवायचा.

आता ठोकळ हिशोब. मधल्या कॉलमच्या वाट्याला १२ फूट बाय १२ फूट स्लॅब येतो असं धरू, म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर. स्लॅब, बीम, भिंती, फरशी आणि माणसं-सामान मिळून चौरस मीटरला १.२ टन धरले तर एका स्लॅबचे १६ टन आणि मजला चढवल्यावर ३२ टन. चांगल्या मुरमावर चौरस मीटरला २० टन धरले, तर ३२ टनांना १.६ चौरस मीटर फुटिंग लागतं, म्हणजे सव्वाचार फूट चौरस. खड्ड्यात ३ फुटांचंच फुटिंग निघालं तर ते जेमतेम १७ टनांचं आहे. खालच्या घरातच ते संपलं. हा हिशोब तुमच्या डोळ्यांसाठी आहे, सहीचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअर करेल. पण हे आकडे हाताशी असले की 'काही होत नाही हो' हे उत्तर तुम्ही ऐकून घेणार नाही.

कॉलमचंही तसंच. आपलं घर बांधलं त्या काळात ९ इंची भिंतीत लपेल असा ९ इंची कॉलम सर्रास करत. आताच्या भूकंपरोधक संहितेत कॉलमची बाजू किमान ३०० मिमी लागते. पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरून आजवर घरं बांधली गेली, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का नानांना आठवत असेल. मजला चढला की इमारतीचं वजन वर सरकतं आणि धक्क्यात कॉलमवरचा आडवा जोर वाढतो. म्हणून नुसतं उभं वजन पेलतं का एवढंच तपासून भागत नाही.

इंजिनिअरकडून या चाचण्या मागा: रिबाउंड हॅमर (ठोका देऊन काँक्रीटचा कठीणपणा बघतात), दोन-तीन ठिकाणी काँक्रीटचे कोअर (कापून काढलेले गोल नमुने), आणि सळ्यांचा व्यास व अंतर सांगणारं रिबार लोकेटर. जोडीला फिनॉल्फ्थॅलीनची फवारणी. ताजं फोडलेलं काँक्रीट गुलाबी झालं तर आतल्या सळीला संरक्षण आहे. जिथे रंग येत नाही तिथपर्यंत काँक्रीटमधला अल्कली संपलेला असतो, आणि ती सीमा सळीपर्यंत पोचली असेल तर गंज सुरू व्हायला फक्त ओल लागते. कॉलम कमी पडले तर जॅकेटिंग, म्हणजे भोवतीने सळ्या-काँक्रीटचं नवं आवरण, करता येतं, पण त्यात प्रत्येक बाजूला किमान १०० मिमी काँक्रीट वाढतं. ९ इंची कॉलम १७ इंची होतो, आणि जॅकेट फुटिंगपासून वर आणायचं म्हणून खालचं सगळं घर फोडावं लागतं. तेवढं करण्यापेक्षा वर हलकं बांधकाम करा असं माझं मत आहे: लोखंडी सांगाडा, त्यावर इन्सुलेटेड पत्रा, भिंतींना सिमेंट बोर्ड. वजन कितीतरी कमी होतं. त्याचाही सांगाडा गच्चीच्या बीमला बोल्टने पक्का बांधावा लागतो, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात पत्रा उचलला जातो.

सगळं पास झालं असं धरून पुढचं लिहिते.

पहिलं काम गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, काढणं. सरासरी साडेचार इंच जाडीचा कोबा ६०० चौरस फुटांवर जवळपास १३ टन भरतो. तो तसाच ठेवून वर भर घालून फरशी करायची कंत्राटदाराची तयारी दिसते, कारण काढायला मजुरी लागते. पण हे १३ टन उतरले की तेवढंच वजन नव्या भिंतींना मोकळं होतं. फोडताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका, जुन्या स्लॅबला खालून भेगा जातात. छिन्नी-हातोडा किंवा हलकं मशीन चालेल. राबिट गच्चीच्या मधोमध साठवायचं नाही, त्याच दिवशी खाली. विटांनाही हाच नियम: १००० विटा म्हणजे अंदाजे ३ टन. आणि कोबा निघाला की गच्ची उघडी पडते, म्हणून परतीचा पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय हात लावू नका.

भिंती एएसी ब्लॉकच्याच (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) घ्या. १० फूट उंचीची ९ इंची विटांची भिंत धावत्या मीटरला १३०० किलोंच्या आसपास जाते, ६ इंची एएसीची ३०० च्या. त्यातही प्रत्येक भिंतीखाली बीम आहे का हे नकाशावर ताडून बघा. वहिनीला मधली भिंत दोन फूट सरकवून हवी आहे, तशी ती नुसत्या स्लॅबवर येते. दोन फूट कमी मिळाले तरी चालतील, भिंत बीमवरच ठेवा.

सगळ्यात जपायचा भाग म्हणजे जुन्या कॉलमवर नवा कॉलम बसतो तो सांधा. उघड्या राहिलेल्या सळ्या इतक्या पावसाळ्यांत झिजलेल्या असणार. तारेच्या ब्रशने घासून व्हर्नियरने व्यास मोजायला सांगा. झिजल्या असतील तर त्यांच्या भरवशावर राहायचं नाही, नव्या सळ्या इपॉक्सीने बसवायच्या. १६ मिमी सळीला २० मिमीचं भोक, खोली इंजिनिअर सांगेल तेवढी. सहा इंचात उरकायला बघतात, ते चालवून घेऊ नका. भोक पाडल्यावर हवेने फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं, आणि मगच इपॉक्सी तळापासून वर भरत यायचं. धूळ राहिली तर इपॉक्सी काँक्रीटला न धरता धुळीला धरतं आणि सळी हाताने निघून येते. इथे एक सळी ओढून बघायची चाचणी करून घ्या. कॉलमच्या डोक्यावर टाचे मारून खडी दिसेपर्यंत खरखरीत करायचं, धुवायचं, मग नवं काँक्रीट. सळ्यांचा जोड व्यासाच्या ५० पट, म्हणजे १६ मिमीला ८०० मिमी, आणि त्या पूर्ण लांबीत रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांभोवतीची कडी, १०० मिमी अंतराने. रिंगांचे हूक १३५ अंशात आत वळवलेले हवेत. काटकोनात ठेवलेले हूक धक्क्यात उघडतात, आणि फिटर घाईत काटकोनातच ठेवतो.

स्लॅब ५ इंची असेल तर ६०० चौरस फुटांना सुमारे ७ घनमीटर काँक्रीट. एम २५ ग्रेडचं आरएमसी, म्हणजे प्लँटमधून तयार येणारं काँक्रीट, मागवा, आणि गाडी आल्यावर 'पातळ करा' म्हणून कोणी वरून पाणी ओतू देऊ नका. कॉलमसाठी साइटवर माल कालवतील तेव्हा सिमेंटच्या एका पोत्याला २५ लिटरच्या वर पाणी नको. स्लॅबच्या मालाला ताकद तपासायच्या क्यूबचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, आणि रिपोर्ट २८ दिवसांचा. सळी फळीपासून दूर ठेवणारे कव्हर ब्लॉक स्लॅबखाली २० मिमी, कॉलमला ४० मिमी. दगडाच्या चिपा नकोत. इथे मस्कतला उन्हाळ्यात काँक्रीट रात्री किंवा पहाटे टाकतात, पुण्यातही मार्च-एप्रिल उजाडला तर सकाळी लवकरच सुरू करा, दुपारी पृष्ठभाग सुकून केसासारख्या भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी भरायचं आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असल्याने किमान १० दिवस, जमलं तर १४, ते सुकू द्यायचं नाही. आई हे कुणावर सोपवणार नाही याची मला खात्री आहे. टेकू स्लॅबखालचे १४ दिवस, बीमखालचे २१ दिवस. त्या काळात जुन्या स्लॅबखालीही हॉलमध्ये टेकू लागतील, कारण ओल्या स्लॅबचं वजन तोच पेलत असतो.

बाथरूम खालच्या बाथरूमच्या बरोबर वर घ्या. जुना स्लॅब खाली दाबता येत नाही, म्हणून पाइप बाहेरच्या भिंतीवरून काढायचे आणि कमोड भिंतीवर टांगायचा. फरशी फूटभर उचलून खाली विटांचे तुकडे भरतात, तो भार फुकटचा. पाण्याची टाकी कॉलमच्या डोक्यावरच्या बीमवर, स्लॅबच्या मधोमध नाही: १००० लिटर म्हणजे एक टन. नव्या गच्चीला १०० ला १ उतार, कठड्याच्या कोपऱ्यांना वाटा (गोलाई), आणि तीन दिवस पाणी साठवून बघितल्याशिवाय वॉटरप्रूफिंगचे पैसे देऊ नका.

वहिनी, आता तुझं स्वयंपाकघर. घर कधीच बसून स्थिर झालंय, नवा भाग पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडा बसणार. दोन्ही एकमेकांना दाते काढून जोडले तर सांध्यावर भेग ठरलेली, आणि ती कितीही बुजवली तरी परत येते. म्हणून नवे कॉलम-बीम वेगळे उभे करायचे आणि मध्ये २५ मिमी फट ठेवायची. त्यात थर्माकोल, तोंडाशी पॉलिसल्फाइड सीलंट, वर एकाच बाजूला स्क्रू केलेली अॅल्युमिनियमची पट्टी. फट स्लॅबपासून फरशीपर्यंत सलग हवी. टाइल्सवाला तिच्यावरून अखंड फरशी टाकतो आणि नेमकी तिथेच फरशी फुटते. नवा खड्डा जुन्या फुटिंगच्या तळापेक्षा खोल न्यायचा नाही, आणि जुन्या भिंतीलगत सलग चर न खणता चार-पाच फुटांचे तुकडे एकाआड एक घ्यायचे. जुनी भिंत फोडून मोकळं करण्याआधी वर बीम आहे का बघा. नसेल तर आधी टेकू, मग लिंटेल (मोकळ्या जागेवरची आडवी तुळई), मग फोडणं.

परवानगीशिवाय काहीही सुरू करू नका, मागचे ८ फूट तर नाहीच, कारण ते मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत, जातात का हे आधी मोजायला हवं. परवाना असलेल्या आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात नकाशा, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, कराची पावती आणि इंजिनिअरचा दाखला जाईल. प्लॉट सोसायटीचा असल्यामुळे सोसायटीचं ना-हरकत पत्रही लागेल. मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते) १.१ आहे, त्यातला किती उरलाय हे जुन्या नकाशावरून कळेल. विनापरवाना कामाला एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते आणि घर विकताना तेच अडतं. महावितरणकडे वीजभार वाढवून घ्यायचा अर्जही आत्ताच द्या.

कोटेशनमधला चौरस फुटाचा एकच दर मला पसंत नाही. काँक्रीट घनमीटरवर, लोखंड किलोवर, ब्लॉककाम घनमीटरवर, असं फोडून मागा. सळीचं वजन ताडायला व्यास मिमीमध्ये घेऊन त्याचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १६ मिमीची १२ मीटरची सळी १९ किलोच्या जवळपास भरली पाहिजे. आणि ५ ते १० टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

दादा, खड्डे घेतले की टेप लावून फोटो पाठव, फुटिंगच्या तळाचा एक आणि मातीचा जवळून एक. मुरूम असेल तर पहार मारल्यावर किती आत जाते तेही लिही. ते पाहिल्यावर इंजिनिअरला विचारायच्या प्रश्नांची यादी करून देते. तोवर कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

नानांनी खड्ड्यात स्वतः उतरू नये, एवढं बघ.

तुझी छोटी