आहारतज्ज्ञाच्या खोलीला लागलेल्या गुरुवारच्या कुलपाबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी नाशिकच्या सिडकोत राहते. वय 44. अंबडच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. उंची पाच फूट, वजन 86 किलो. वजन आधीच सांगते, कारण गेल्या मंगळवारी एका सरकारी दवाखान्यात ते सगळ्या रांगेला कळलंच आहे. गुडघे दुखतात म्हणून गेले होते. काट्यावर उभं केलं आणि तिथल्या माणसाने भाजीबाजारात लिलाव पुकारतात तसं "शहाऐंशी!" पुकारलं. बाकावरच्या दोन पोरी हसल्या. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "किती खाता?" मी तोंड उघडेपर्यंत केसपेपरवर "वजन कमी करा" लिहून झालं होतं आणि पुढचा नंबर आत आला होता.

झोप किती, मासिक पाळी नियमित आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, थायरॉइड आहे का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. थायरॉइड मी दोन वर्षांपूर्वी पदरचे पैसे घालून बाहेर तपासलं. निघालं. गोळी सुरू केल्यावर तीन किलो उतरले आणि काटा तिथेच थांबला. सगळा दोष थायरॉइडचा नाही, एवढं मलाही कळतं.

आता मूळ तक्रार. गेल्या वर्षी आमच्या वस्तीत शिबिर झालं. टेप लावून बायकांच्या कमरा मोजल्या. बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवी हे तिथे समजलं. माझी 41 इंच भरली. माइकवरून सांगितलं, दर गुरुवारी दवाखान्यात आहारतज्ज्ञ बसतील, पैसे पडणार नाहीत. मी दोनदा बिनपगारी रजा टाकून गेले. दोन्ही वेळा कुलूप. खिडकीच्या काचेला हात लावून आत पाहिलं, तर खोकी रचलेली आणि भिंतीवर संतुलित आहाराचा तक्ता. तक्त्यावर सफरचंद, ब्रोकोली, बदाम. बाजरीची भाकरी नाही, मटकी नाही, मेथी नाही. परवा मंगळवारी पुन्हा विचारलं, तर उत्तर मिळालं, "पद आहे, माणूस नाही."

साहेब, हे वजन मी एका दिवसात खाल्लेलं नाही. लग्नात 48 किलो होते. दोन बाळंतपणांत चढलं ते उतरलं नाही. मग नाइट सुरू झाली. सकाळी सातला सुटायचं, घरी येऊन डबे, धुणं, पाणी भरणं, आणि दुपारी जेमतेम चार तास पाठ टेकायची. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं घटतं. पहाटे तीनला चहाबरोबर फरसाणाची पुडी फोडावीशी वाटते, तेव्हा तो निव्वळ जिभेचा चोचला नसतो. उपासही केले. सोमवार, चतुर्थी, एकादशी, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी. एका वर्षी जवळजवळ उपाशी राहून 11 किलो उतरवले. दीड वर्षात सगळे परत आले. उपाशी ठेवलेलं शरीर कमी जाळायला लागतं आणि भूक मात्र वाढवतं, हे मला कुणीतरी तेव्हाच सांगायला हवं होतं. ते सांगणारा माणूस त्या कुलपामागे बसणार होता ना?

"कमी खा" म्हणता. काय कमी खाऊ? रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ मिळतो, डाळ मिळत नाही. महिनाअखेरीला आमच्या ताटात भात, पोळी आणि बटाट्याचा रस्साच असतो. देशभरातल्या पाहणीत आढळलं आहे की आपल्याला 62 टक्के ऊर्जा पिठूळ अन्नातून आणि साखरेतून मिळते. मिळेलच, धान्यच तेवढं स्वस्त आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्के कमी करा म्हणून आवाहन केलं. मी केलं, तेलाची किटली बदलून चमचा आणला. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून बिस्किटं, चॉकलेट, फरसाण यांच्यावरचा जीएसटी कमी करून पाच टक्क्यांवर आणला. साखर-मीठ-चरबी जास्त असल्याचा ठळक इशारा पाकिटावर छापायचा, तर तो वाद अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2022 च्या मसुद्यापासून चालू आहे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. माझ्या पोराच्या हातातल्या पाकिटावर आजही वाघ-सिंहांची चित्रं आहेत, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत साखर.

"चाला" म्हणता. कुठे चालू? आमच्याकडे फुटपाथ आहे तिथे गाड्या लावलेल्या, नाही तिथे खोदलेलं. रात्री आठनंतर एकटी बाई चालायला निघाली तर कुत्री मागे आणि माणसंही मागे. सिंहस्थासाठी शहरभर रस्ते होत आहेत, व्हावेत, पण कुंभ झाल्यावर इथे राहणार आम्हीच आहोत. आमच्या पायांसाठी त्यात किती फूट ठेवलेत?

देशात 24 टक्के बायकांचं वजन प्रमाणाबाहेर आहे, हे सरकारच्याच 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लिहिलंय. चौघींत एक. चौघींत एकीला ताप आला असता तर साथ म्हणून धावला असतात. 2017 च्या आरोग्य धोरणात 2025 पर्यंत जीडीपीचे अडीच टक्के सार्वजनिक आरोग्यावर खर्च करू असं लिहून दिलं होतं. 2025 सरलं. पैसा आला नाही, म्हणून माणूस नाही, म्हणून कुलूप, आणि शेवटी दोष कुणाचा तर माझ्या तोंडाचा! मला 86 चं 48 करून नको आहे. पाच-सात किलो उतरले आणि उतरलेले राहिले तरी साखर, बीपी, गुडघे सुधारतात. त्यासाठी मला महिन्यातून एकदा वीस मिनिटं, दार लावून, नीट विचारपूस करणारा माणूस हवा. काट्याला पडदा हवा. रेशनवर एक किलो डाळ हवी.

येत्या बुधवारी माझी नाइट आहे. गुरुवारी सकाळी सातला सुटले की घरी न जाता मी थेट त्या खोलीसमोर येऊन बसणार आहे. शेजारच्या तिघी बरोबर येणार आहेत. खोकी तेवढी हलवून ठेवायला सांगा.

आपली,
सिडको, नाशिक येथील एक कामगार