पिवळी मारबत पांढरी कशी झाली?

नागपूर

प्रिय चिऊ,

पुण्याला पोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी तुझे मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे फोटोच पाहून राहिलो होतो. तू निवडलेले बावीस, आणि रागावू नको, न निवडलेलेही. कॉम्प्युटरवर ठेवून गेलीस म्हणजे बापानं उघडायला हरकत नाही, असा अर्थ मी घेतला.

आधी तक्रार. बावीसच्या बावीस ब्लॅक अँड व्हाइट! त्या फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचं वेड लागलंय, समजू शकतो, माणूसच तसा होता. पण काळी मारबत काळी राहिली आणि पिवळी झाली पांढरी. रंग काढून टाकला की पिवळा असाच फिका पडतो, डार्करूममध्ये आयुष्य गेलं माझं. तुझ्या आईला दाखवला तर म्हणे, "ही कोणती नवीन काढली बाप्पा?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा, पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत अख्खं गाव इतवारीत लोटतं, दोघींची भेट पाहायला गच्च्या भरतात. एक काळी आणि एक पिवळी आहे म्हणून ना?

ब्रेसाँची आवड काळ्यापांढऱ्याची होतीच. पण 1935 साली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली तेव्हा तिचा वेग, म्हणजे प्रकाश टिपायची ताकद, जेमतेम 10 एएसए. गल्लीच्या सावलीत चालता माणूस तिच्यावर घ्यायचा म्हणजे नुसता धूर यायचा. तुझ्या कॅमेऱ्याला 3200 सहज झेपतं. त्याची अडचण तू काहून उसनी घेतेस? आपले फोटोग्राफर रघुबीर सिंग 1966 मध्ये जयपूरला त्याला भेटले, त्याला काम करताना पाहिलं, आणि पुढे नाव कमावलं ते रंगीत फोटोंवर. चौकट कशी भरायची ते घेतलं, रंग मात्र आपले ठेवले.

ब्रेसाँसारखं क्रॉप करणार नाही, म्हणजे फोटोच्या कडा नंतर कातरणार नाही, अशी तू शपथ घेतली म्हणे. त्याचा डबक्यावरून उडी मारणारा माणूस आहे ना, 1932 चा, पॅरिसच्या स्टेशनामागचा? तो कुंपणाच्या फटीतून घेतलेला, आणि कातरलेला आहे. शपथ पाळ, चांगली सवय आहे. पण त्याच्या नावानं नको.

आणि ती काळी टेप! लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून त्यानं आपल्या लायका कॅमेऱ्याचे चमकते भाग झाकले, म्हणून तूही झाकलेस. अगं, इतवारीत कॅमेरा घेऊन उभी राहिलेली मुलगी टेपनं लपते का? दोन मिनिटांत "ताई, कोणत्या पेपरातून?" विचारतातच. मग सरळ सांगायचं, पेपरातून नाही, महालातली आहे. चहा आला तर प्यायचा. आणि तिथंच थांबायचं. थोड्या वेळानं तुझ्याकडे कोणी पाहत नाही.

हे मी उशिरा शिकलो. लग्नाच्या आधी एकदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलो होतो. उसनी 200 ची लेन्स, दुरून जवळचं दाखवणारी. झाडाच्या आडून एका म्हातारीचा फोटो काढून राहिलो होतो. पांढरं लुगडं, मांडीवर भाकरीचं फडकं. तिनं हातानं बोलावलं. म्हणाली, "चोरासारखा काहून काढतं बापू? इकडे ये, बस." भाकरी दिली. फोटो मग मी काढलाच नाही, लाज वाटली. काढायला पाहिजे होता, तिनं त्यासाठीच बोलावलं होतं. लेन्स दुसऱ्या दिवशी परत केली. तुझ्या कॅमेऱ्यावरची 35 ची लेन्स जवळजवळ ब्रेसाँच्या 50 सारखंच दाखवते. म्हणजे पायांनीच जवळ जायचं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. न निवडलेल्यांत एक रंगीत फोटो आहे. भांड्यांचं दुकान, शटर अर्धं खाली, बाहेर स्टीलच्या डब्यांची उतरंड. डावीकडे ओट्यावर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घेऊन एक पोरगा, दोरीचा गुंता सोडवण्यात गुंगलेला. मारबतीकडे त्याची पाठ. खुद्द मारबत फोटोत नाहीच. पण प्रत्येक डब्याच्या पोटावर ती आहे, वाकडी, लांबुडकी, हळदीसारखी पिवळी. मी मोजल्या, सात. आणि शटरखालून दुकानदाराचे नुसते पाय.

हा तू काहून टाकला? मारबत चौकटीत आली नाही म्हणून? चिऊ, तिथं तू नक्कीच बराच वेळ उभी होतीस. त्याच्या आधीच्या अकरा फोटोंत तोच ओटा आहे, पोरगा आधी नाही, मग आहे, मग उभा, मग बसला. तुझा ब्रेसाँ त्या अकरा फोटोंत मला दिसला, बावीसांत नाही.

परवा त्या दुकानात जाऊन आलो. दुकानदारानं विचारलं, "तुमच्या पोरीनं माझे पाय काढले म्हणे?" एक प्रत मागतो आहे. पोरगा त्याचाच नातू. दोन प्रती काढायच्या आहेत, 12 बाय 18 मध्ये. इथली फाइल लहान आहे, मूळची पाठव. आणि रंगाला हात लावू नको.

तुझा,
बाबा