सुगामो स्टेशनवरच्या आजींना

आजी,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतंच 'आजी'. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल असं नाही. पण त्या दिवशी तासभर तुम्ही माझ्याशी जपानीत बोललात आणि मी तुमच्याशी मराठीत, तेव्हा आभारही मराठीतच मानते.

१४ नोव्हेंबर २०२३. रात्रीच्या एसटीने कराड सोडलं त्याला ३३ तास होऊन गेले होते. मुंबई, मग बँकॉकला विमानतळावर सात तास, मग टोकियोचं नारिता विमानतळ. वयाच्या ५४व्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर, तेही एकटी. नारिताहून स्कायलायनरने निप्पोरी, तिथे गाडी बदलून यामानोते लाइनने चौथं स्टेशन सुगामो. इथवर सगळं वहीत लिहून आणल्याबरहुकूम झालं. मी उतरले, दार लागलं, आणि खांदा हलका लागला. पिशवी वरच्या फळीवर राहिली होती. पासपोर्ट, सगळे येन, शुगरच्या गोळ्या, सगळं त्यात.

तुम्ही माझ्याच दारातून उतरला होतात. जिन्यापर्यंत गेलेल्या तुम्ही परत फिरलात, माझं मनगट धरलंत आणि गणवेशातल्या माणसाकडे घेऊन गेलात. मी इंग्रजीत काय बोलत होते ते त्याला कळेना. तुम्ही त्याला आपण उतरलो त्या जागी नेऊन दाराजवळचा आकडा दाखवलात. गाडीला ११ डबे, प्रत्येक डब्याला एका बाजूला चार दारं. कुठला डबा, कुठलं दार हे मला जन्मात सांगता आलं नसतं. त्याने ते टिपून घेतलं, फोन केला आणि घड्याळावर तासाभराने पुढची वेळ दाखवली. मला काही उमगेना. तेव्हा तुम्ही माझा तळहात उघडून त्यावर बोटाने एक गोल काढलात. यामानोते गोल फिरते, ३० स्टेशनं करून तासाभरात पुन्हा तिथेच येते. नकाशावर हे मी दहा वेळा पाहिलं होतं, पण त्या घटकेला तुमचं बोट तळहातावर फिरलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

खरं तर तिथे तुमचं काम संपलं होतं. पिशवी शोधणार होती ती रेल्वे, आणि त्या माणसाचेही आभार आहेतच. पण तुम्ही गेला नाहीत. बाकावर माझ्याशेजारी बसलात. तुमच्या थैलीतून भाताचा त्रिकोणी मुटका काढलात, त्याच्या वेष्टनावरचे १, २, ३ आकडे दाखवत एकेक पदर सोडवलात, आणि समुद्री शेवाळाची ती पापडासारखी कुरकुरीत पट्टी भातावर गुंडाळून माझ्या हातात दिलात. आत खारवलेलं आंबट फळ होतं. मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची आठवण झाली आणि तिथे मला रडू फुटलं. तुम्ही पाठीवरून हात फिरवत राहिलात, काहीबाही सांगत राहिलात. मीही सांगत होते, माझ्या आईचं, शाळेचं, हे पैसे कसे साठवले त्याचं. एका शब्दाचा अर्थ कोणाला कळला नसेल. तरी त्या परक्या गावात मी एकटी आहे असं त्या तासात एकदाही वाटलं नाही.

गाडी आली. पिशवी ठेवली तिथेच होती. तुम्ही डावा गुडघा दाबत उठलात. मी पायाला हात लावायला वाकले, तर तुम्ही माझ्यासमोर माझ्याहून खाली वाकलात, आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी सुगामोच्याच जिझो-दोरी या बाजाराच्या रस्त्यावर गेले तेव्हा कळलं की तिथे दर महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला जत्रा भरते. म्हणजे तुम्ही जत्रेला निघाला होतात की काय! तुमच्या जत्रेतला तो तास माझ्यापायी गेला असणार.

तिथल्या कोगान-जी देवळाच्या अंगणात कान्नोनची दगडी मूर्ती आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तो भाग लोक ओल्या फडक्याने पुसतात. मी रांगेत उभी राहिले. माझी पाठ प्रवासाने धरली होती, पण मी मूर्तीच्या डाव्या गुडघ्यावर पाणी घातलं आणि तो सावकाश पुसला.

तुमची,
कराडची एक शिक्षिका